मागे उभे राहिलेले पाच

किर्गिझस्तानातल्या आतबाशी गावात लग्न असो की कुणाचं ऐंशीवं वर्ष, फोटोसाठी सैरालाच बोलावणं यायचं. ती शाळेत भूगोल शिकवायची. भावानं मॉस्कोहून पाठवलेला डीएसएलआर कॅमेरा तिच्याकडे होता आणि गावात तसा दुसरा नव्हता. कॅमेऱ्याच्या वरच्या चकतीवर कितीतरी खुणा होत्या. चार वर्षांत सैरानं त्यातली एकच वापरली होती, हिरवी चौकट. त्या खुणेवर कॅमेरा सगळं आपलं आपण ठरवतो. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये गावातल्या म्हाताऱ्या उल्जान आपाची पाचही मुलं अकरा वर्षांनी एकत्र आली. कुणी कझानहून, कुणी मॉस्कोहून. परतीच्या दिवशी दुपारी गाड्या निघायच्या होत्या. कुणीतरी मोबाइल काढला, तेव्हा म्हातारी म्हणाली, "ठेव तो. त्यातले फोटो त्यातच राहतात. मला भिंतीवर लावायचाय. सैरा आहे ना."

अंगणात आपा खुर्चीवर बसली. तिच्यामागे दीड-दोन पावलांवर बाकाला टेकून पाच जण उभे राहिले. त्यांतली धाकटी मुलगी मिरगुल; तिचा नवरा एर्मेक बाजूला चहा पीत उभा होता. तो बिश्केकला कॅमेऱ्याच्या दुकानात कामाला होता.

"मास्तरीणबाई, हिरव्या चौकटीवर?" तो वाकून बघत म्हणाला. "घोडा विकत घेतलात आणि लगाम धरून पायी चालताय होय?"

सगळे हसले. सैराच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"पिशवीत फिरली असेल चकती," ती म्हणाली आणि तिनं चकती एम वर नेली. आता सगळं हातानं ठरवायचं होतं. भिंगातल्या उजेडाच्या छिद्राचा आकडा जितका लहान तितकं भिंग भारी, असं कधीतरी कानावर पडलं होतं. तिनं तो एक पूर्णांक आठ दशांशावर नेला. पहिला फोटो पांढराफटक आला. दुसरी चाकी फिरवत तिनं उजेड जागेवर आणला. तिनं आपाच्या चेहऱ्यावर नेम धरला आणि बारा फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर सगळे छान दिसत होते. एर्मेकनंही मान डोलावली.

गाड्या गेल्यावर घरी संगणकावर तिनं फोटो मोठा केला. आपाच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती स्वच्छ होती. मागचे पाच चेहरे मात्र ताकात पडलेल्या लोण्यासारखे पसरट, विरघळलेले. बाराही फोटोंत तेच.

दुसऱ्या दिवशी ती आपाकडे गेली आणि म्हणाली, "कार्ड खराब निघालं आपा. काहीच राहिलं नाही."

आपा म्हणाली, "यंत्रच ते. तुझा काय दोष?" आणि निघताना तिनं सैराच्या हातात घट्ट सायीची बरणी ठेवली.

सैरानं ती बरणी उघडलीच नाही. शाळेच्या वाटेवर आपाचं घर लागायचं. ती कालव्याकाठून लांबचा फेरा घालू लागली.

नवव्या दिवशी ती जाकिप आकेकडे गेली. म्हाताऱ्यानं जिल्ह्याच्या वर्तमानपत्रासाठी तीस वर्षं फिल्मवर फोटो काढले होते. नव्या कॅमेऱ्याबद्दल तो काही सांगायला आला की सैरा ते हसण्यावारी न्यायची. आज त्यानं टेबलावर पुढे एक आणि मागे पाच पेले मांडले.

"आकडा लहान म्हणजे छिद्र मोठं," तो म्हणाला. "उजेड भरपूर, पण स्पष्ट दिसतो तो पट्टा पातळ. पुढच्या पेल्यावर नेम धरलास की मागचे गेले. आकडा आठावर ने. आता बघ. आणि काढल्यावर पडद्यावर मोठं करून मागचा चेहरा आधी तपासायचा."

मागच्या पेल्यांवरची निळी नक्षी लख्ख उमटली. एवढंसंच होतं ते. चाकीचे बारा-तेरा खटके.

"मला येत नव्हतं आके," ती म्हणाली.

"हे मला सांगून काय उपयोग?"

त्याच संध्याकाळी ती पाच जणांचा तो पुसट फोटो छापून आपासमोर बसली. तिनं सगळं सांगितलं. टोमणा, चकती, खोटं. नेमका तेव्हाच मिरगुलचा व्हिडिओ फोन चालू होता आणि पडद्यावरून तिनं ते ऐकलं.

"सैरा, आम्ही दुपारपर्यंत तिथेच होतो," मिरगुल म्हणाली. "मला हे येत नाही, एवढं म्हणाली असतीस तर एर्मेकनं लावून दिला असता कॅमेरा. नाहीतर मोबाइल होतेच. पुन्हा पाच जण कधी जमणार, सांग ना."

सैरा मान खाली घालून बसली.

आपानं फोन उशीवर पालथा ठेवला. फोटो खिडकीशी नेला, डोळ्यांजवळ धरला. "हा मान वाकडी करून उभा आहे तो माझा थोरला. ही मिरगुल, ओढणीला हात." ती बोट फिरवत राहिली. शेवटच्या दोघांपाशी ते थांबलं. "हे दोघे कोण कोण, कळत नाही मला."

तिनं फोटो सैराला परत दिला. "भिंतीला नको. तू मला ‘येत नाही’ म्हणाली असतीस तर मी काय तुला हाकललं असतं?"

"नाही, आपा."

"मग मला मूर्ख का बनवलंस? नऊ दिवस मी त्या कार्डाला शिव्या देतेय."

त्यानंतर कुणी बोलावलं तर सैरा दारातच सांगायची की मी अजून शिकतेय. दोन घरांनी नारिन शहरातला फोटोवाला आणला. पुढच्या उन्हाळ्यात आपाची तीन मुलं आली. सैराला निरोप आला, तेव्हा ती जाकिप आकेला सोबत घेऊन गेली. आकडा आठावर ठेवला, काढलेला फोटो मोठा करून तिन्ही चेहरे तपासले. तिघेही स्वच्छ आले होते. आपानं तो चुलीवरच्या भिंतीला लावला आणि शेजारी दोन चेहऱ्यांपुरती जागा मोकळी सोडली.