रानात नाव घ्यायचं नाही

गेरिक गावाच्या पुढे घाटात आमच्या गाडीचं इंजिन तापलं. मेकॅनिक म्हणाला, पाण्याचा पाईप खालच्या गावातून आणावा लागेल, तीन तास धरून चला. दुसऱ्या दिवशी कोता भारूला भाचीचं लग्न, आणि आम्ही दोघी बहिणी इथं अडकलेल्या. मी चरफडत रस्त्याकडेच्या टपरीत बसले. काक लोंग मात्र टपरीवालीशी गप्पा मारून हसतच आली.

"नाह, मागच्या रानात धबधबा आहे म्हणे. तासाभराची वाट. चल."

"या वयात? गुडघे घरी ठेवून आलीस का?"

"गुडघे आहेत जागेवर. तू तुझी जीभ तेवढी इथं ठेवून ये."

घरातल्या थोरल्या बहिणीला आम्ही काक लोंग म्हणतो. तिला नावानं हाक मारायची धाकटीची काय बिशाद! नाव सल्बिया, वय बासष्ट, शाळेतून निवृत्त, लग्न न झालेली. मी हस्नाह, तिची नाह, तिच्याहून दहा वर्षांनी लहान. नवरा, तीन मुलं, दोन नातवंडं. टपरीवालीनं भाताची दोन पुडकी बांधून दिली आणि बजावलं, "गडगडलं की लगेच परत फिरा. ओढा चढला की वाट बंद."

पहिल्याच झाडापाशी काक लोंग थांबली. "आजोबा, नातवंडं वाटेनं जातायत हं," असं तिनं रानाला सांगितलं आणि माझ्याकडे वळली. "नाव घ्यायचं नाही. चुकामूक झाली तर नुसतं कूऽऽ करायचं. आणि कुणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही. आवाज आपल्या आईचा का असेना."

"माहितेय गं. मी काय क्वालालंपूरची आहे?"

आत वारा नव्हताच. दहा पावलांत कपडे अंगाला चिकटले, जळवा घोट्यांवर चढल्या. मी प्रत्येक जळवेगणिक काक लोंगला एक शिवी मोजत होते आणि ती खुदखुदत पुढे चालली होती. धबधबा मात्र खरंच देखणा निघाला. मी पाय पाण्यात सोडून भाताचं पुडकं उघडलं. ती म्हणाली, "वर नेच्याचे कोवळे कोंब दिसतायत. लग्नघरी भाजीला होतील," आणि चढून गेली.

भात संपला तरी ती येईना. मी कूऽऽ केलं. धबधब्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. वर चढले. उतारावरच्या चिखलात तिची एक चप्पल उलटी पडलेली. पुढे झुडपं मोडलेली आणि घसरल्याची लांब खूण.

तेवढ्यात गडगडलं.

मी "काक लोंग!" म्हणून ओरडले. मग वाटलं, या देशात दर घरात एक काक लोंग असते, तिला कळणार कसं? घाबरलेल्या माणसाला कुठली रीत आणि कुठलं भान. मी तिचं नाव घेतलं. जन्मात पहिल्यांदा. "सल्बियाऽऽ! सल्बिया!" घसा फाटेपर्यंत, तास-दीड तास, त्याच उतारावर वरखाली. माझाच आवाज कड्यावरून तीन बाजूंनी परत यायचा. ती नाही.

शेवटी एका प्रचंड झाडापाशी बसले. त्याची मुळं भिंतीएवढी उंच होती. मेलीच ती, असं मनानं घेतलं आणि मी मोठ्यानं रडत सुटले. रडता रडता जे चाळीस वर्षं गिळून होते ते तोंडातून बाहेर पडलं.

"काक लोंग, मला माफ कर. तुझ्या त्या रमलानच्या मावश्या आल्या होत्या गं. तू आणि आई बाजारात होतात."

आमच्याकडे मुलीला मागणी घालायला येतात ते सरळ विचारत नाहीत. बागेतल्या फुलाला कुणी धनी आहे का, असं विचारतात. दारात मी एकटी होते, दहा वर्षांची. त्या मावश्यांनी हसत मलाच विचारलं.

"मी म्हटलं, आहे. ताइपिंग गावचा आहे, अंगठीसुद्धा दिलीय. तू गेलीस तर माझ्या वेण्या कोण घालणार, एवढंच डोक्यात होतं. त्या पाणी प्यायल्या आणि गेल्या. तू त्यांची वाट बघत किती शुक्रवार नवे कपडे घालून ओसरीवर बसलीस, मी बघत होते. मी बोलले नाही."

"दारात तू होतीस?"

आवाज मुळाच्या पलीकडून आला. मी मुळाला वळसा घालून पाहिलं, तर माझ्यापासून चार पावलांवर काक लोंग बसलेली. पायाचा घोटा भोपळ्यासारखा सुजलेला. ओ जाऊ नये म्हणून डोक्यावरच्या ओढणीचा बोळा तोंडात कोंबलेला, तो आता तिच्या हातात होता.

"तू इथं होतीस? सगळा वेळ?"

"तू नाव घेतलंस. माझी नाह कधी माझं नाव घेत नाही. म्हटलं, ही ती नव्हे, हिला ओ द्यायची नाही."

"मग आता?"

"भुताला हे कुठून ठाऊक असणार?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर चाललं असतं. मी कोण आहे हेच तिला कळत नव्हतं.

"भूतच असतीस तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

पावसाचे थेंब वर पानांवर वाजायला लागले. मी हात पुढे केला. ओढा चढत होता, दुसरा इलाज नव्हता, म्हणून तिनं तो धरला. गळ्यात तिचा हात घेऊन मी तिला पाण्यातून, चिखलातून ओढत आणलं. वाटेत दोनदा ती वेदनेनं कण्हली. बाकी एक शब्द नाही. रानात आहोत म्हणून गप्प असेल, असं मी मनाला समजावत होते.

डांबरी रस्ता लागला. टपरी दिसली, आमची गाडी दिसली. रान मागे पडलं.

"काक लोंग," मी हाक मारली.

तिनं माझ्या गळ्यातला हात काढून घेतला, टपरीच्या खांबाला धरून उभी राहिली आणि टपरीवालीला म्हणाली, "बाई, जरा गाडीपर्यंत हात देता?"

"काक लोंग!"

तिनं ओ दिली नाही.