काशीरामकाकाचा नाताळ

बस आरेच्या फाट्यावर रुतली ती रुतलीच. माधुरीने मोबाइल उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. शेजारची बाई वैतागली, "अहो, आलं तर वाजेल ना तो!" बरोबरच होतं तिचं. पण गेले कित्येक महिने माधुरीचा पाय एका जागी ठरत नव्हता. पवईच्या ऑफिसात बसली की घरी पळावंसं वाटे, जोगेश्वरीला घरी पोचली की पुन्हा चपला घालाव्याशा वाटत.

हे सगळं आईने लावून दिलेलं खूळ. आई म्हणजे रत्नप्रभा, ऐंशी पार केलेली, कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमच्या त्या कॉम्प्युटरार सगळा गावता मा? मगे माका इतक्याच सांग. तेका येवचा नाय होता, की येवक गावला नाय?"

'तो' म्हणजे आईचा बाप, सखाराम धुरी. महायुद्धात मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून गेला तेव्हा आई पोटात होती. गेला तो गेलाच. ना पत्र, ना निरोप. गावाने मात्र निकाल लावून टाकला, की सखाराम विलायतेत मडमेच्या घरात घुसला. शाळेच्या वाटेवर पोरं आईला चिडवत, "तुझी दुसरी आवस गोरी गो!" आईने त्या माणसाला जन्मात कधी बाबा म्हटलं नाही. 'तो', बस्स.

माधुरीने खलाशांच्या कचेरीत खेटे घातले. इतकं जुनं काही नाही, असं उत्तर मिळालं. बाकावर बसलेले निवृत्त खलाशी तेवढे गप्पा मारत. नल्ली म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक, ती असेल तरच सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, बोटीवर घेणार. आणि पूर्वी म्हणे एकाच्या नल्लीवर दुसराच चढायचा, सारंग गाववालाच असल्याने काणाडोळा करायचा. माधुरीने हे ऐकलं आणि सोडून दिलं. तिला गप्पा नको होत्या, आईचा बाप हवा होता.

मग भावाच्या मुलीने, श्वेताने, विलायतेतल्या एका दप्तरखान्याचा पत्ता शोधून दिला. तिथल्या बाईंनी बुडालेल्या बोटींच्या याद्या चाळल्या. सखाराम धुरी एकाही बोटीवर नाही! त्या दिवशी माधुरीला आईच्या तोंडाकडे बघवेना. म्हणजे गावच खरं होतं की काय? "आत्या, नावाने नको, गावाने शोधायला सांग ना," श्वेता म्हणाली. ते उत्तर आज यायचं होतं.

मोबाइल थरथरला तशी ती बसमधून उतरलीच. भर रस्त्याच्या कडेला उभं राहून वाचलं. तुमच्या गावचा एकच माणूस सापडला. काशीराम विठू धुरी. नाताळच्या दिवशी बोट बुडाली, त्यात गेला.

आता बोला! काशीराम विठू धुरी म्हणजे सखारामचा थोरला भाऊ, आईचा काका. तो कुठला बुडतोय? गावच्या घरात म्हातारा होऊन, खोकून खोकून मेला. माधुरीने लहानपणी त्याच्या मांडीवर बसून फणसाचे गरे खाल्लेत. साहेबांनी भलत्यालाच बुडवून ठेवलं होतं. सगळ्या मेहनतीची वाट लागली. बसची वाट न बघता ती तरातरा चालत घरी आली आणि दारातूनच ओरडली, "आई, काय बावळट लोक आहेत गं! काशीरामकाकाला मारून टाकलंय. तेही नाताळात!"

आई वाटाणे सोलत होती. तिचा हात थांबला.

"नाताळात?"

"हो. का गं?"

"काको नाताळ पाळायचो," आई म्हणाली. "दर वर्सा. दिवसभर उपाशी रवायचो आणि मागीलदारी कावळ्याक पान ठेवायचो. आमी पोरा हसायचो, काको किरिस्तांव झालो म्हणान. माझी आये पण हसायची गो."

माधुरी दारातच उभी राहिली. पायातली चप्पल काढायचं तिला सुचेना.

"आई, काका पण खलाशी होता ना?"

"होतो. पण एकदा तापान फणफणलो, तो परत बोटीर गेलोच नाय. नल्ली व्हाळात पडली, म्हणायचो."

ओढ्यात कुठली पडतेय! बाकावरच्या खलाशांचं बोलणं माधुरीला आता आठवलं. बोट चुकली तर सारंग पुन्हा उभं करणार नाही, म्हणून तापातल्या भावाची नल्ली खिशात घालून धाकटा गेला. बुडाला सखाराम आणि मेल्याची खबर आली काशीरामची, ती काशीरामच्याच हातात. खोट्या नावाने पाठवला म्हटल्यावर पोलीस नेतील, या भीतीने पहिल्या दिवशी तो गप्प बसला असेल. दुसऱ्या दिवशी सांगायला तोंड उरलं नसेल. माधुरीने हे सगळं आईला जमेल तसं सांगितलं.

आईने वाटाण्याचं ताट ढकलून दिलं. दाणे घरभर झाले.

"म्हणजे काकाक म्हायत होता! माझी आये कुंकू लावन मेली. दर वर्सा वड पुजायची, गावच्यो बायका पाठीमागे हसायच्यो. आमी तिका सवाष्ण म्हणान हिरव्या लुगड्यात जाळला. आणि ह्यो चुलीकडे बसान बघत रवलो!" ती धापा टाकू लागली. "तेणाच माका वाढवल्यान. खांद्यार घेवन जत्रेक नेल्यान. आता तेका शिव्या घालू काय पाया पडू, तूच सांग!"

माधुरीने एवढंच म्हटलं, "आई, त्याला यायचं होतं गं. यायला मिळालं नाही."

आई पदर तोंडाशी नेत म्हणाली, "माझो बाबा बुडालो गो, माधुरी. माझो बाबा बुडालो."

आणि ती ऐंशी पार केलेली बाई बापासाठी हमसून हमसून रडायला लागली. माधुरी तिला टेकून खाली जमिनीवर, सांडलेल्या वाटाण्यांतच बसली. मोबाइल पर्समध्ये वाजत होता, तो तिने वाजू दिला.