तीन हाकांची तलवार

दर रविवारी दुपारी चेन्नईत अड्यारला विद्याधरच्या घरी फाशांचा खेळ रंगायचा. राक्षस, जादू, शस्त्रं सगळं विद्याधर रचायचा, कार्डंही तोच लिहायचा. क्षमा, मुरली आणि बाकीचे आपापलं पात्र खेळायचे. नियम एकच. शस्त्र ज्याला सापडेल, त्याने त्याचं कार्ड सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं.

आज क्षमाच्या योद्ध्याला तलवार सापडली. ती हौसेने वाचू लागली, "ही तलवार शापित आहे. हिच्या मालकाला बापाने मरताना तीन हाका मारल्या. कामात होता म्हणून त्याने एकाही हाकेला ओ दिली नाही. आता तलवार उपसली की त्याच हाका ऐकू येतात..."

क्षमा वाचता वाचता थांबली. बाबांचे शेवटचे तीन फोन तिने मीटिंगमध्ये कापले होते. हे तिने जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. एग्मोर स्टेशनवर, कॉफी निवत असताना, रडत रडत.

"सूपर डा!" मुरलीने विद्याधरच्या पाठीवर थाप मारली. "सुचतं कुठून रे तुला?"

विद्याधर लाजल्यासारखा हसला. "असंच. सुचलं."

केसाने गळा कापतात म्हणतात, तो असा.

क्षमाने कार्ड त्याच्यापुढे सरकवलं. "आता तू वाच," ती म्हणाली. "आणि मालकाच्या जागी माझं नाव घे."