ऋषीच्या वल्ह्याची कॉलर

बादलीभर साबणाचं पाणी. तळाशी आठ काळ्या कॉलरी, एकमेकींवर घसरलेल्या.

लोणी काळभोरहून आलेला टेम्पो बोट क्लबच्या फाटकात अडकला. मागे ताडपत्रीखाली मोटारबोटीचं नवं इंजिन. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांनी पाठवलंय. कुठं उतरवू?" कोणते साहेब, हे कोणीच विचारलं नाही.

मंडईत नासिर सर झेंडूवालीला म्हणाले, "वल्ह्यांना घालायचाय. शिळा दिलात तर वल्ही काही बोलणार नाहीत, पण मी बोलेन."

समोरून वारा.

लाल मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर. आधी हातात, मग खिशात.

"मॅडम, माझं वल्हं मीच घेऊन जाणार. पूजा झालीय त्याची."

*

विद्यापीठाच्या रोइंग संघाला दोन प्रशिक्षक आहेत. नासिर मुजावर मुख्य आणि तेजस्विनी आगाशे सहायक. नासिर सर याच नदीवर वल्हवायला शिकले आणि याच नदीवर त्यांनी तेजस्विनीला शिकवलं. जलपर्णी, वास, पलीकडच्या काठावरून येणाऱ्या सूचना, सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं.

यंदा आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी चौघांची बोट न्यायची होती. तिघं ठरलेले होते. चौथी जागा समर्थची की ऋषीची, एवढाच प्रश्न होता. समर्थच्या वडिलांचा मंडईत कांदा-बटाट्याचा गाळा आहे. दोन वर्षं तो राखीव म्हणून संघाबरोबर गेला आणि बॅगा सांभाळून आला. हे त्याचं शेवटचं वर्ष. ऋषी दुसऱ्या वर्षाला. त्याचे वडील हिंदुराव लोणी काळभोरचे. शेती होती, आता तिथे इमारती आहेत.

इंजिन त्यांनीच पाठवलं होतं.

*

चाचणी अशी असते. चौघांच्या दोन बोटी शेजारी शेजारी पळवायच्या. मग फक्त दोघांची अदलाबदल करायची, समर्थ इकडे, ऋषी तिकडे, आणि पुन्हा पळवायच्या. बाकी सगळं तेच राहतं, त्यामुळे निकालात जो फरक पडतो तो त्या दोघांचा. यात कुणाला वशिला लावता येत नाही, म्हणून नासिर सरांना ही पद्धत आवडते.

वल्ही मात्र बोटीतच राहायला हवीत. माणूस बदलतो, वल्हं नाही.

या क्लबात ते जमत नाही. खंडेनवमीला इथे वल्ह्यांची पूजा होते. फौजेत बंदुकांची होते, वर्कशॉपात पान्यांची होते, तशी. प्रत्येक जण आपल्या वल्ह्याला दोरा बांधतो आणि पुढे वर्षभर दुसऱ्याचं वल्हं हातात धरत नाही. झेंडू दरवर्षी नासिर सर आणतात. त्यामुळे बोट बदलताना मुलं वल्हं खांद्यावर टाकून निघतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

पहिल्या फेरीत ऋषीची बोट पुढे आली. अदलाबदल झाली. दुसऱ्या फेरीत पुन्हा ऋषी होता तीच बोट पुढे, आणि आता अंतर जास्त.

"ऋषी," नासिर सर मोटारबोटीच्या सुकाणूवरून म्हणाले.

"सर, पुन्हा घेऊ या. वारा होता."

"वारा दोघांनाही होता, मॅडम. पालिकेचं पाणी नाही ते, एका पेठेत आलं आणि दुसरीत नाही असं व्हायला."

मागे नवं इंजिन गुळगुळीत चालत होतं. तेजस्विनीला तो आवाज आवडला नाही.

*

ऋषीच का?

ऋषीचा हात उन्हाळ्यापर्यंत जड होता. पाण्यातून वल्हं काढताना तो दमायचा. आता विचारलं तर म्हणाला, "जिममुळे मॅडम, हात एकदम फ्री झालाय." जिममुळे हात जड होतात. फ्री होत नाहीत.

कॅन्टीनमध्ये हिंदुराव नासिर सरांसमोर बसले होते. तेजस्विनीला पाहून अर्धवट उठले.

"मॅडम, या की. पोरगं बसलं का बोटीत?"

"अजून ठरायचंय."

"ठरंल की. सर म्हनत होते, हात चांगला हाय त्याचा."

नासिर सर बशीकडे बघत होते. मग त्यांनी तिला विचारलं, "चहा घेणार?" इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःहून चहा विचारल्याचं तिला आठवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बोटींच्या शेडमध्ये गेली, तर वल्ह्यांच्या मांडणीपाशी नासिर सर उकिडवे बसलेले. हातात लाल मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर. समोर भगव्या दोऱ्याचं वल्हं, म्हणजे ऋषीचं.

"काय करताय, सर?"

"धूळ बघतोय."

"स्क्रू-ड्रायव्हरने?"

"फार बसलीय." त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खिशात टाकला आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

*

प्रत्येक वल्ह्यावर प्लॅस्टिकची एक काळी कॉलर असते, स्क्रूने आवळलेली. वल्हं बोटीच्या आत किती आणि बाहेर किती, हे ती ठरवते. ती पात्याकडे सरकवली की बाहेरचा भाग आखूड होतो आणि हात हलका चालतो. समोरून वारा असेल तर फारच सोयीचं.

तेजस्विनीने टेप लावला. सात वल्ह्यांवर कॉलर एकाच जागी होती.

ऋषीच्या वल्ह्यावर ती बोटभर पुढे होती.

तिने कॉलर जागेवर आणली नाही. फोटो काढला. नारायण पेठेत घरी जाईपर्यंत सिग्नलला थांबून तो तीनदा पाहिला. कोणाला दाखवायचा? क्रीडा संचालकांना? इंजिनाच्या उद्घाटनाला नारळ त्यांनीच फोडला होता.

*

पुढचे दिवस ती नासिर सरांवर नजर ठेवून होती. ते हसले तर का हसले. फोन आला की शेडबाहेर का जातात. रोज बोटीपाशी घुटमळणारा माणूस आता वल्ह्यांच्या मांडणीकडे फिरकत का नाही.

ते फिरकत नव्हते, हे खरंच.

कॉलर तशीच राहिली. शनिवारी नासिर सरांनी मुलांना धक्क्यावर उभं करून नावं सांगितली. चौथं नाव ऋषीचं. त्या दिवशी बोट धुवायची पाळी समर्थची नव्हती, तरी त्याने ती धुतली, बुडाखालून, दोन्ही बाजूंनी.

*

"सर, ऋषीच्या वल्ह्याची कॉलर पुढे आहे," मुलं गेल्यावर तेजस्विनी म्हणाली.

"हो."

"हो म्हणजे?"

"म्हणजे आहे. बोटभर."

"तुम्हाला माहीत होतं?"

"चाचणी झाल्यावर लक्षात आलं. एवढा हलका हात या जन्मात त्याचा नाही."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"तुम्हीही बसलात. फोटो काढताना फ्लॅश बंद करायचा असतो, मॅडम. बाहेर मला वाटलं वीज चमकली."

"तुम्ही सरकवलीत ती."

"मी?"

"मग कोण?"

"मला वाटलं, तुम्ही."

"मी कशाला सरकवू? मला समर्थ हवा होता."

"म्हणूनच. ऋषीच्या वल्ह्यात खोट निघाली की चाचणी रद्द, ऋषीचं नाव खराब, बोटीत समर्थ. मी वाट बघत होतो, तुम्हाला ती खोट कधी सापडते याची."

"स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तुम्ही बसला होतात."

"नीट करायला बसलो होतो. तुम्ही आलात. म्हटलं, आता हात लावला तर मीच चोर."

"आणि ते इंजिन?"

"ते त्यांनी विद्यापीठाला दिलंय, मला नाही. जुनं मधेच बंद पडलं तेव्हा मोटारबोटीत कोण होतं? हातांनी पाणी मारत परत आलात ना तुम्ही?"

त्यांचं सगळं पटण्यासारखं होतं. पटण्यासारखं बोलणं त्यांना पहिल्यापासून जमायचं.

नासिर सर तिच्याकडे बघत होते. त्यांनाही पटलं नव्हतं.

*

कॉलर दोघांनी मिळून बसवली. तिने टेप धरला, त्यांनी स्क्रू आवळला. मग तिने तोच स्क्रू पुन्हा आवळून पाहिला. मग त्यांनी टेप पुन्हा लावून पाहिला.

मंगळवारी सकाळी आठही मुलांना बोलावलं. नासिर सर म्हणाले, चाचणी परत होईल आणि या वेळी वल्ही बोटीतच राहतील. ऋषीने दोऱ्यावर हात ठेवला. "सर, पूजा केलेलं वल्हं दुसऱ्याला कसं देऊ?"

"मी आणलेला झेंडू होता," नासिर सर म्हणाले. "माझी परवानगी आहे."

बाकीचे हसले. समर्थ हसला नाही.

"आधीच्या चाचणीत काय चुकलं होतं, सर?"

"ऋषीच्या वल्ह्याची कॉलर पुढे होती."

ऋषीने मान खाली घातली, मग वर केली. "मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं मी इम्प्रूव्ह झालो."

"कोणी सरकवली?" समर्थने विचारलं.

नासिर सरांनी तेजस्विनीकडे पाहिलं. तिने त्यांच्याकडे. दोघांनाही एकाच वेळी कळलं की हे मुलांसमोर करायला नको होतं.

"ते आम्ही बघतोय," ती म्हणाली. "तू बोटीत बस. तुझी जागा आहे ती, तू घेशील."

"आणि हरलो तर?"

"तर हरलास."

"नाही मॅडम. हरलो तर मी म्हणणार, यांनी आज काय सरकवलं. जिंकलो तर ऋषी तेच म्हणणार." आवाज चढवला नाही त्याने. "आम्ही बोटीत पाठमोरे बसतो. पुढचं काही दिसत नाही. मागून मोटारबोटीतून तुम्ही दोघं येता, तुमच्या तोंडांकडे बघत वल्हवतो. सर 'अजून' म्हणाले की अजून मारतो, कारण सरांना दिसत असतं. आता तुम्ही दोघं एकमेकांकडेच बघताय."

"समर्थ, मूर्खपणा करू नकोस," नासिर सर म्हणाले. "तुझं शेवटचं वर्ष आहे."

"मला माहितीये, सर."

त्याने आपल्या वल्ह्याचा हिरवा दोरा सोडला, बोटांभोवती गुंडाळला आणि खिशात ठेवला. वल्हं मांडणीत नीट आडवं लावलं. त्याच्या बाइकचा आवाज पुलावर चढेपर्यंत धक्क्यावर सगळे उभे होते.

मग ऋषी बोटीत बसला, कारण कोणीतरी बसायला हवं होतं. वल्हं त्याच्या हातात जड पडलं. दहा फटक्यांत तो धापा टाकू लागला. मोटारबोटीतून नासिर सर "अजून" म्हणाले. ऋषीने त्यांच्याकडे पाहिलं, मग तेजस्विनीकडे, आणि त्याची लय चुकली.

"तुम्हीच सांगा त्याला," नासिर सर इंजिनाच्या आवाजावरून म्हणाले. "माझं ऐकत नाही."

"माझंही ऐकणार नाही," तेजस्विनी म्हणाली.

*

चाचणीच्या आधी, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, नासिर सर झेंडू आणायला मंडईत गेले होते तेव्हा, तेजस्विनीने आठही वल्ह्यांच्या कॉलरी काढून साबणाच्या पाण्यात धुतल्या, सात जुन्या खुणांवर परत बसवल्या, आणि ऋषीचं वल्हं नवं असल्याने त्यावर खूण नव्हती, टेप सापडत नव्हता, म्हणून आठवी अंदाजाने बसवली.