परक्या घोडीवर

लाटसाहेब हा तबेल्यातला सगळ्यात आळशी घोडा. भिंगरी ही एक पोर सोडली तर तो कुणाला म्हणून दाद द्यायचा नाही. तिनं दोन्ही टाचा हाणल्या, वर आणखी एकदा दामटून हाणल्या, की स्वारी ‘बरं बाई’ म्हटल्यासारखी निघायची. इतकी वर्षं त्याला ढकलून ढकलून भिंगरीच्या पायांत पैलवानाचं बळ आलं होतं. म्हणून तर तिनं मनात धरलेल्या कॉलेजच्या घोडेस्वारी संघात आपली जागा ठरलेलीच, असं तिनं घरीदारी जाहीर करून टाकलं होतं. संघात निवड झाली तर त्या कॉलेजात प्रवेश मिळणार होता. नाही झाली, तर बाबा म्हणतील तिथं जाऊन हिशेब शिकायचे.

“घोडामैदान जवळच आहे,” दादा म्हणायचा. “तोंड कमी चालव, घोडा चालव.”

गोम एकच होती. निवड चाचणीला स्वतःचा घोडा नेता येत नसे. घोडे कॉलेजचे, चिठ्ठी उचलायची आणि निघेल त्यावर बसायचं. तबेल्यात शिकवणारे सर कानीकपाळी ओरडत होते, “अगं, बाकीच्या घोड्यांवरही बसून बघ!”

“सर, मी लाटसाहेबाला पळवते! बाकीचे तर फुंकर मारली तरी पळतील.”

पळतील, हे खरंच होतं.

चिठ्ठीत निघाली एक करडी घोडी. अंगावर माशी बसली तरी सगळी कातडी थरथरवणारी. भिंगरी ऐटीत चढली, लगाम धरला आणि सवयीनं दोन्ही टाचा हाणल्या.

घोडी जी सुटली! भिंगरीचं हेल्मेट डोळ्यांवर आलं. पडू नये म्हणून तिनं पाय गच्च आवळले. घोडीला वाटलं, बाईसाहेबांना अजून घाई आहे. पहिल्या अडथळ्याचे दांडे खडखडत खाली आले, दुसऱ्याचेही आले. तिसऱ्याला वळसा घालून दोघी थेट परीक्षक मॅडमच्या टेबलाकडे निघाल्या. मॅडम खुर्ची सोडून उभ्या राहिल्या. घोडी कुंपणापाशी आपणहून थांबली, म्हणून बरं.

“पडले नाही मी!” भिंगरी धापा टाकत म्हणाली.

“घोडीची कृपा,” मॅडम म्हणाल्या. “उतर.”

“मॅडम, ही भडकू आहे! दुसरा घोडा द्या ना, प्लीज.”

मॅडमनी हातानंच तिला बाजूला व्हायला सांगितलं. पुढच्या मुलीला त्याच घोडीवर बसवलं. त्या मुलीनं पोटरी नुसती टेकवल्यासारखी केली आणि ती बया दुडक्या चालीनं अशी निघाली, जणू आयुष्यात कधी पळालीच नव्हती. भिंगरीला दोघींचाही भयंकर राग आला.

“प्रवेशाआधी आणखी एक चाचणी आहे,” शेवटी मॅडम म्हणाल्या. “तोवर तुझ्या पायांना गप्प बसायला शिकव. नाही जमलं तर येऊ नकोस.”

घरी दादानं तिचं तोंड बघितलं आणि ओठांवर आलेला विनोद गिळला. त्यानं तर ती जास्तच चिडली.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला एका तापट तांबड्या घोड्यावर चढवलं.

“काय करू?”

“काही करू नकोस.”

आता काही न करणं भिंगरीला जन्मात जमलं नव्हतं! गुडघा हलला की तांबड्या आडवा पळायचा, टाच लागली की उसळी मारायचा. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लाटसाहेब सावलीत डुलक्या घेत होता. तिला तिकडे धावत जावंसं वाटत होतं.

“मला मुळात येतच नाही का हो काही?” ती रडकुंडीला येऊन ओरडली.

“येतं ना. घोडा ढकलता येतो. पाय सैल!”

तिनं रिकिबीतून पाय काढले आणि ओल्या टॉवेलसारखे लोंबू दिले. तांबड्यानं फुरफुर केली, मान खाली घातली आणि उभा राहिला. हलेचना.

“सर, आता हा जातच नाही! मारू एक टाच? एकच, हळूच?”

“नाही.”

“मग काय करू?”

“बसून राहा.”

भिंगरी दातओठ खात बसून राहिली. पाय नुसते शिवशिवत होते, पण टाच काही तिनं लावली नाही.