तेलाचं बघितलंस?

बाकीच्या घरांत बाहेर पडणाऱ्याला लोक 'नीट जा' म्हणतात, 'पोचलीस की फोन कर' म्हणतात. आमच्या घरात विचारतात, "तेलाचं बघितलंस?" तेल म्हणजे गाडीच्या इंजिनातलं. बाबांनी सगळी हयात बस चालवण्यात घालवली, त्यामुळे माणसाची काळजी करायची तर आधी इंजिनाची करायची, असा त्यांचा हिशेब.

त्यात गंमत अशी की आमच्याकडे 'बघणं' म्हणजे नुसतं डोळ्यांनी बघणं नव्हे. 'चहाचं बघ' म्हणजे चहा कर. 'नळाचं बघ' म्हणजे प्लंबरला बोलाव. मग 'तेलाचं बघ' म्हणजे तेल मोजायची पट्टी काढून पाहायचं की डबा घेऊन ओतायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं. बाबा खुलासा करणार नाहीत. बाबा कशाचाच खुलासा करत नाहीत.

मी कवळ्या बनवते. इथल्या एका डेंटिस्टच्या मागच्या खोलीत बसून लोकांचे खोटे दात घासून घासून माझी पाठ गेली होती, तेवढ्यात तीन तासांवरच्या शहरात एका मोठ्या लॅबमध्ये जागा मिळाली. राहायचंही तिकडेच. लॅबच्या मालकीणबाईंनी बजावलं होतं, "सोमवारी बाराच्या आत हजर व्हा, नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे." आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी बाबांना सांगितलं. ते जा म्हणाले नाहीत, जाऊ नको म्हणाले नाहीत. आठवडाभर फक्त तेल, तेल आणि तेल.

सोमवारी सकाळी सामान भरलं, पाया पडले, गाडीत बसले, किल्ली लावली, तर बाबा गाडीसमोर उभे.

"पट्टी काढ."

"बाबा, काल संध्याकाळी बघितलं. तुमच्यासमोर."

"आज बघ."

"एका रात्रीत तेल काय पळून जाणार आहे का?"

"ठकू, उतर खाली."

मला ठकू म्हटलं की मी पाच वर्षांची होते आणि माझा आणखीनच संताप होतो. दार आपटून उतरले. बॉनेट उघडलं, पट्टी ओढली, फडक्याने पुसली, परत घातली, परत ओढली. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्यांच्या मध्ये हवं. काल ते वरच्या खुणेच्या जरा खाली होतं, अगदी हवं तिथे. आज ते वरच्या खुणेच्याही बोटभर वर चढलं होतं.

"हे काय?" मी ओरडलेच. "हे कोणी केलं?"

बाबा पट्टीकडे न बघता कुंपणाकडे बघत होते.

कमी असतं तर मी ओतून मोकळी झाले असते. पण जास्त झालेलं तेल परत डब्यात जात नाही. मी मेस्त्रीला फोन लावला. शनिवारी गाडी त्याच्याकडेच होती आणि बाबांनी त्याला माझ्यादेखत 'तेलाचं बघ' म्हणून सांगितलं होतं.

"ताई, मी बरोब्बर मापात भरलंय," मेस्त्री भडकला. "आणि कालपर्यंत बरोबर होतं ना? मग माझ्या नावाने कशाला शंख करताय? एक सांगतो, गाडी चालू करू नका. तेलाचा फेस होतो, इंजिन बसेल. मी बाहेरगावी आहे, दुपारनंतर बघतो."

हाही बघतोच! कपाळ माझं.

मग माझा संशय शेजारच्या काकांवर गेला. हा माणूस रिकामटेकडा आणि मदतीला भलताच तत्पर. मागे बाबांनी त्यांना 'कुंड्यांचं बघा' म्हटलं होतं, तर त्यांनी आमच्या सगळ्या कुंड्या रंगवून ठेवल्या होत्या. मी कुंपणावरूनच विचारलं, "काका, आमच्या गाडीत तेल ओतलंत का?"

"मी? छे गं. मला बॉनेट उघडता येत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "पहाटे बाबा होते ना गाडीपाशी. मी दूध आणायला निघालो होतो, हाक मारली तर ओ दिली नाही. बराच वेळ वाकून उभे होते."

मी वळले. बाबा तोवर घमेलं, पान्हा आणि जुनी गोणी घेऊन आले होते. मी काही विचारायच्या आत गोणी अंथरून गाडीखाली शिरलेसुद्धा. सत्तरीचा माणूस, त्यात गुडघे दुखतात म्हणून रोज कुरकुर.

"तुम्ही ओतलंत?"

खालून नट सैल केल्याचा आवाज आला.

"बाबा! मी विचारतेय, तुम्ही ओतलंत?"

"हो."

"चुकून?"

"नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने जन्मात कधी पट्टी पुसल्याशिवाय थेंबभर तेल ओतलं नाही, त्याने आख्खा डबा रिकामा केला होता, मुद्दाम! मी तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला माझं भलं बघवत नाही म्हणाले. आईच्या आजारपणात नर्सिंग होमला मी घातलेल्या खेपा, माझी मोडलेली दोन स्थळं, इथे सडलेली वर्षं, सगळं काढलं. काका कुंपणापासून हळूच आपल्या घरात गेले. मालकीणबाईंना फोन केला, हातापाया पडले, तेव्हा त्या म्हणाल्या, "एक वाजेपर्यंत थांबते. त्यानंतर मला विचारू नका."

खाली घमेल्यात तेल पडत होतं. नट घट्ट झाला. बाबा सरपटत बाहेर आले, कोपरापर्यंत काळे.

"पट्टी काढ," म्हणाले.

काढली. अजून वर होतं. परत खाली गेले. पुन्हा थोडं सोडलं, पुन्हा पट्टी. तिसऱ्या खेपेला तेल खुणेच्या आत आलं. गुडघ्यावर हात टेकून उठताना त्यांच्या तोंडून कण्हणं निघालं आणि मी हात पुढे केला नाही. इतकी चिडले होते.

"मग मला अडवलंत कशाला?" मी विचारलं. "जाऊ द्यायची होती तशीच. पाच-दहा मैलांवर बंद पडली असती, आले असते परत. हेच हवं होतं ना?"

"भर रस्त्यात बंद पडली असती तर?" ते फडक्याने बोटं पुसत होते. एकेक बोट, अगदी नखांपर्यंत. "ओतताना नाही सुचलं. तू किल्ली लावलीस तेव्हा सुचलं."

"पण बाबा, मी जाऊ नये असं वाटत होतं तर तोंडाने बोलायला काय झालं होतं? आठ दिवस नुसतं तेल तेल! एकदा म्हणायचं होतं, ठकू, नको जाऊस!"

त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"म्हटलं असतं तर तू थांबली असतीस."

मी पट्टी परत जागेवर खोचली.

"म्हणून नाही म्हटलं," ते म्हणाले.

मी खरंच थांबले असते. एका शब्दावर थांबले असते आणि मग उरलेला जन्म त्यांच्यावर तो शब्द उगारला असता. हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मला इतकं रडू आलं की बॉनेट लावताना हात चेंगरता चेंगरता वाचला. त्यांच्या काळ्या हातांसकट त्यांना मिठी मारली, तर म्हणाले, "कपडे खराब होतील, पहिला दिवस आहे."

गाडीत बसले. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. मी आरशात बघितलं, पण बाबा मागे नव्हते, माझ्या दाराशी आले होते. त्यांनी टपावर दोनदा थाप मारली, बस सोडताना कंडक्टर मारतो तशी. आयुष्यभर ते त्या दोन ठोक्यांवर निघत आले होते.

मी निघाले.