आयुष्यातली शेवटची गोड फोड

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी नऊ वाजताच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. जिन्यात रबराचा वास, वर चॉकलेटचा. दोनशे खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर एक संत्रं, आणि स्टेजवर पांढऱ्या सुटातला एक माणूस. सहा वर्षांपूर्वी हा घरोघरी गाद्या विकायचा. आता लोक त्याला सम्राट म्हणत. आरोग्यसम्राट!

"आज साखरेला निरोप द्यायचाय!" सम्राट गरजला. "संत्रं उचला. स्वतःच्या हातांनी सोला. एकच फोड तोंडात घाला. ही तुमच्या आयुष्यातली शेवटची गोड फोड!"

दोनशे जणांनी संत्री सोलली. काहींचे डोळे पाणावले. निरोपाच्या दुःखाने की सालीचा रस डोळ्यात उडाला म्हणून, कोण जाणे.

मग शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना वर बोलावलं. मदतनिसाने त्यांचं बोट टोचलं, थेंब साखर मोजायच्या मशीनला लावला. मोठ्या पडद्यावर आकडा उमटला: चारशे बारा.

"अरे बापरे!" हॉल एका सुरात म्हणाला.

बाईंना ग्लासभर चॉकलेटी शेक पाजला. मग त्यांचे हात कोमट पाण्याच्या परातीत बुडवले. त्याला म्हणे 'ऊर्जाजल' म्हणायचं. वीस मिनिटं सम्राट बोलत राहिला. "पेशी जाग्या होतायत... साखर घाबरली... बोटांच्या टोकांतून बाहेर पळतेय... जाणवतंय का ताई?"

"मुंग्या आल्यासारखं वाटतंय," ताई भारावून म्हणाल्या.

"तीच ती! साखर!"

हात पुसले, पुन्हा टोचलं. एकशे अडतीस! टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी होतं.

"आता सांगा, गोळ्या कशाला? इन्सुलिन कशाला?" सम्राट कडाडला. "इन्सुलिन म्हणजे कुबडी! कुबडी फेका, पाय आपोआप चालायला लागतील!"

माझ्या शेजारी माझा दादाही टाळ्या वाजवत होता. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्याने आपली कुबडी मांडीवर आडवी ठेवली होती. खरीखुरी, लाकडाची.

माझं डोकं तेव्हा किती फिरलं असेल, तुम्हीच विचार करा.

दादाचं सलून आहे. अठरा वर्षं मधुमेह, त्यातली आठ वर्षं इन्सुलिन, आणि सगळं सुरळीत चालू होतं. तीन महिन्यांपूर्वी तो याच स्टेजवर चढला. त्याचे चारशे चाळीस झाले, मग एकशे पंचावन्न. त्याच दिवशी त्याने इन्सुलिन टाकून दिलं. साखर मोजायचं घरचं मशीनही सम्राटाच्या पेटीत जमा केलं, कारण "शंका हीच खरी साखर!" त्यानंतर रोज चार ग्लास शेक, बाकी काही नाही, आणि आकडा म्हणून बघायचा नाही. दादाचं वजन झरझर उतरलं. घसा सारखा कोरडा पडायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, काय शेक लागू पडलाय! वाढलेली साखर माणसाला आतून पोखरते तेव्हाही वजन उतरतं, हे कोणाच्या गावीही नव्हतं. हॉलबाहेरच्या बॅनरवर अजूनही दादाचाच फोटो होता.

सलूनवाल्यांच्या पायाला एक त्रास ठरलेला. कापलेला बारीक केस काट्यासारखा कातडीत घुसतो. टोचतं, लगेच काढून टाकतात. दादाच्या पायाला टोचलेलं कळलंच नाही. पायातली जाणीवच गेली होती. केस बोटांच्या बेचक्यात रुतला, पिकला. वहिनीला वास आला तेव्हा दोन बोटं काळी पडली होती. ती कापावी लागली.

एवढं झाल्यावर तरी माणसाचे डोळे उघडतील की नाही? नाव नको! हॉस्पिटलमधून घरी आल्यावर दादाने इन्सुलिन पुन्हा बंद केलं. "सम्राटांचं काही चुकलं नाही गं. माझीच निष्ठा कमी पडली."

डॉक्टर मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जखम पुन्हा चिघळतेय. आठवड्याभरात साखर ताब्यात आली नाही, तर घोट्यापासून पाय काढावा लागेल."

"मॅडम, तो शेक विषारी आहे का?" मी विचारलं.

"नाही हो. दुधाची पावडर, कोको, थोडी जीवनसत्त्वं. रोज आठशे कॅलरींचा असा आहार काही पेशंटना आम्हीही देतो. आजार नवा असेल, वजन जास्त असेल, तर काहींची साखर खरंच ताब्यात येते. पण आम्ही आधी तपासतो, औषधं बेताने कमी करतो, दर आठवड्याला रक्त बघतो. अठरा वर्षांच्या आजाराचं इन्सुलिन स्टेजवरून कोणी एका फटक्यात बंद करत नाही."

मी दादाच्या हातापाया पडले, भांडले, रडले. शेवटी तो म्हणाला, "तू एकदा ये. डोळ्यांनी बघ, मग बोल."

"येते. पण तिथे खोटं दिसलं तर त्याच दिवशी इन्सुलिन घ्यायचं."

"घेईन."

म्हणून मी आले होते. पाय वाचवायला आले, हे खरं. सूड घ्यायला आले, हेही तितकंच खरं.

आता मी कोण ते सांगते. बावीस वर्षं मी लॅबमध्ये लोकांची बोटं टोचते. दिवसातून शंभर वेळा एकच वाक्य बोलते, "हात धुतले का?" तिथे माझं नावच पडलंय, हातधुवा बाई. आणि इथे दोनशे माणसांनी संत्री सोलली, बोटं रसाने चिकट झाली, त्यातल्याच एका चिकट बोटाला सुई लावली, आणि हात धुवा असं कोणी म्हणालं नाही! शिवणकामवाल्या बाई परातीत हात बुडवून बसल्या तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टाळ्या थांबताच मी ताडकन उभी राहिले.

"माझी मोजा!"

सम्राट खूश झाला. मला जन्मात मधुमेह नाही, गेल्याच आठवड्यात तपासलेलं. स्टेजवर जाऊन मी संत्रं सोललं, बोटांनी चांगलं चुरगाळलं. टोचलं. पडद्यावर तीनशे शहाऐंशी.

"बघा!" सम्राट ओरडला. "वरून ठणठणीत, आत साखरेचं पोतं!"

"खरंच हो," मी घाबरल्याचं सोंग करत म्हणाले. "तुमची किती असते?"

"ब्याण्णव! सहा वर्षं, रोज!"

"मग एकदा दाखवाच ना सगळ्यांना. आधी शेवटची फोड खा, आमच्यासारखी."

त्याचा चेहरा असा पडला! पण आता त्याचेच भक्त मदतीला धावले. माझ्या मदतीला! "दाखवा, दाखवा! सम्राट, दाखवाच!" दोनशे माणसं टाळ्या पिटत होती. तो नखांच्या टोकांनी साल काढायला लागला. मी म्हटलं, "असं नाजूक काय? आम्ही सोललं तसं सोला की." लोक हसले. त्याने सोललं.

सुई मी मदतनिसाच्या हातातून काढून घेतली. खोटं कशाला बोलू, जरा खोलच टोचलं. मला बरं वाटलं.

पडद्यावर चारशे एकतीस.

शिवणकामवाल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला.

"अरेरे, सम्राट!" मी माइक ओढून घेतला. "तुमचा तर माझ्याहून कडक मधुमेह! चला, शेक प्या, फेका कुबडी!"

"मशीन बिघडलंय," तो पुटपुटला.

"मशीन ठीक आहे. बोट घाण आहे. साबण आणा कोणीतरी."

खालून टायरवाल्याने साबण पाठवला. मी सम्राटाचा हात मनगटाला धरून खसाखसा धुतला, कोरडा केला, दुसरं बोट टोचलं. सत्त्याण्णव. माझा हात धुतला. चौऱ्याण्णव. ना शेक, ना वीस मिनिटं.

"नीट ऐका," मी म्हणाले. "हे मशीन टाचणीच्या टोकाएवढ्या थेंबातली साखर मोजतं. ती रक्तातली की संत्र्यातली, हे त्याला कळत नाही. पहिला आकडा संत्र्याचा. दुसरा तुमचा. आणि दुसरा ठीक येत होता तो तुमच्या गोळ्यांमुळे, इन्सुलिनमुळे. तेच या माणसाने तुमच्याकडून फेकून घेतलं! म्हणून तर पहिल्या दिवसानंतर तुमची मशीनं पेटीत गेली."

तेवढ्यात खाली टकटक झाली. दादा उठला होता. कुबडी टेकत टेकत तो स्टेजपर्यंत आला.

"माझी मोज," तो म्हणाला. मग स्वतःच परातीकडे वळला. "थांब. हात धुतो."

त्याने हात धुतले, लहान मुलासारखे पुढे केले. मी टोचलं. मशीनने आकडा दिलाच नाही. नुसतं 'हाय' आलं. मोजता येईल त्याच्या पलीकडे.

दादाने पडद्यावरचं ते वाचलं. मग कुबडी उचलून त्याने सम्राटासमोर टेबलावर आपटली.

"इन्सुलिनची कुबडी फेक म्हणालात, फेकली. तिच्या बदल्यात ही मिळाली. घ्या, तुम्ही चालून दाखवा."

पुढच्या गोंधळात कोणीतरी पोलिसांना फोन लावला, टायरवाल्याची माणसं जिन्यात उभी राहिली. सम्राटाला खाली जाताच येईना. मी फोन करताच वहिनी रिक्षा घेऊन आली आणि दादाला थेट हॉस्पिटलात घेऊन गेली. मी थांबले. पेटी फोडून मशीनं काढली. रांग लावली. पोलीस येईपर्यंत दोन तास मी एकेकाचे हात धुवून खरी साखर मोजत होते, आणि पाण्याची परात मी सम्राटाच्याच हातात दिली होती. दर वेळी कुणाचा आकडा मोठा आला की मी तो त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घेत होते. सतरा जणांना तिथूनच दवाखान्यात पाठवावं लागलं. सतराव्या आकड्याला त्याचा आवाज फुटेना. "मोठ्याने," मी म्हटलं.

दादाचा पाय वाचला. उंच स्टुलावर बसून तो आता केस कापतो, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतो, बंद बूट घालतो. "म्हणजे शेक खोटा होता?" असं गिऱ्हाईक विचारतं तेव्हा तो म्हणतो, "शेक शेकच होता. मोजणं खोटं होतं, आणि मी विचारलं नाही."

माझी विनंती साधी आहे. कमी खायचं असेल तर डॉक्टरांना विचारून खा. औषध बंद करायचं तर त्यांनाच बंद करू द्या. स्टेजवरच्या आकड्याला टाळ्या वाजवण्याआधी तो कसा मोजला ते विचारा. आणि जो माणूस तुमच्याकडून तुमचं मोजायचं मशीन मागून घेतो, त्याच्यावर त्याच क्षणी संशय घ्या.

लोक म्हणतात, झालं गेलं, आता राग सोड. दादाच्या उजव्या पायाला तीन बोटं आहेत. मी नाही सोडणार.